वीस मिलिसेकंद

कुमुदमावशी दांडियाबाजारात सगळ्यांना सांगते,
"आमची हेमलता कर्नलची ड्रायव्हर आहे."
फत्तेगंजला छावणी, त्यामुळे कुणी शंका घेत नाही.
परवा पंगतीत शिर्केकाकांनी विचारलंच,
"जीप की जोंगा?"
म्हटलं, काका, पाच व्होल्टचं वाहन आहे.
छोटं आहे, पण चुकलं तर धूर तसाच निघतो.

खरं तर मी उंबऱ्यावरची बाई.
वायरच्या टोकाशी कुणी येऊन उभं राहतं,
फोन, डिस्क, नाव न सांगणारं एखादं डबडं,
आणि हात पसरतं: पाच दे. नऊ दे. वीस देतेस का?
आधी ओळखपाळख, मग घासाघीस, मग वीज.
घासाघीस चिप करते.
तिला बोलायला मी शिकवलं, अकराशे चाळीस ओळींत,
आणि एका ओळीत गप्प बसायला:
स्विच लावल्यावर वीस मिलिसेकंद थांब,
मगच बघ, कुणी हावरटासारखं ओढतंय का.

नऊ वर्षं झाली त्या ओळीला.
मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये आता नळाच्या तोट्या होतात.
चिप बनवणाऱ्यांनी चिप बनवणं सोडलं.
डेटाशीटमधला तिसरा बिट अजून उलटाच छापलेला आहे,
आणि सांभाळणार कोण, या प्रश्नापुढे
माझं नाव.
पगाराचा रकाना तिथे नसतो.

जानेवारीत फिनलंडहून युहानीचा पॅच आला.
एकच ओळ. वीस खोडून बारा.
शंभर वेळा मोजलं म्हणे, अकराच्या वर कधी गेलं नाही.
वीसचं कारण कुठे सापडलं नाही,
तुम्हाला आठवतं का?

नाही आठवत.
ओळीच्या शेजारी मीच लिहून ठेवलं होतं:
का, ते भिखूभाईंना विचारा.
(अठ्ठावीस वर्षांची होते. वाटायचं, भिखूभाई सगळ्यांना माहीत असतात.)

तर गेले. वाडीत, रंगमहालजवळ,
टेबलफॅन उघडून बसले होते.
चष्मा कपाळावर, सोल्डरिंगचा तोच करपट वास.
"वीस? याद नथी, बेन."
मग पात्याला बोट लावून ते हळूहळू फिरवत,
"पण बपोरे लाइट जती ने, त्यारे तू बहु चिडाती."

दुपारची लाइट.
बंद पंखे. डोक्यावर पत्रा.
रस्त्यातच थांबून युहानीला लिहिलं: मेपर्यंत थांब.
तो थांबला. का, असं विचारलं नाही,
ते मला फार आवडलं.

अठरा मे, दुपारचे तीन, गच्ची.
मावशीच्या बटाट्याच्या किसाशेजारी
पत्र्याच्या तुकड्यावर बोर्ड. छत्री फक्त लॅपटॉपला.
तेरा. चौदा. साडेसोळा.
तापली की चिपच्या आतलं घड्याळ पाय ओढू लागतं,
श्रीखंड-पुरी जेवून उठलेल्या माणसासारखं.
चार वाजता अठरा पूर्णांक सात.
मग युहानीचे बारा लावून पाहिले:
शंभरात अठ्ठ्याऐंशी वेळा
तिने साध्या माउसला चोर म्हटलं.

वीस ठेवले.
शेजारी आता भिखूभाई नाहीत;
मकरपुरा आहे, पत्रा, मे महिना, सेहेचाळीस अंश,
म्हणजे उद्या कुणाला कुणाचं दार ठोठवावं लागू नये.
हे लिहिताना जरा वाईट वाटलं.
मग त्यांचं नाव सगळ्यात खाली घातलं,
कारण सुचवणारे म्हणून.

रात्री युहानीचं उत्तर:
पटलं. इथे आज सहा अंश आहे.
तुमच्याकडे खरंच असं असतं?

खोटं वाटेल म्हणून त्याला एवढंच कळवलं नाही,
की पाच वाजता मावशी कीस गोळा करायला वर आली,
"हेच का तुझ्या कर्नलचं?" म्हणत बोर्डाला हात लावायला गेली,
मी ओरडले, थांब,
आणि सांडशी आणायला खाली धावले.